स्वतःच्या घरातून रागावून गेलेला माणूस

जागेश्वरभाऊ दुसऱ्याच्या घरी गेले की चपला बाहेर काढताना त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवत.

बैठकीत दाराजवळची जागा धरत. गादी, लोड, पंख्याखालची खुर्ची, काही नको.

रडायच्या आधी पेलाभर पाणी पीत.

रागावायच्या आधी चष्मा काढून खिशात ठेवत. चष्मा महाग होता. राग घरचाच होता.

खिशात दोन रुमाल असत. एक घामाचा, एक डोळ्यांचा. त्यांची अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही.

समोर आलेलं पान बोलणी पटेपर्यंत हातातच धरून ठेवत. पान सुकलं तरी चालेल, पण तोंड मोकळं पाहिजे.

"आता शेवटचं सांगतो," हे वाक्य एका बैठकीत मी अकरा वेळा ऐकलं आहे.

घरी मात्र हा माणूस इतका हळू बोले की त्यांची बहीण जया प्रत्येक वेळी विचारी, "काय म्हटलं?"

आम्ही तांडापेठेत राहायचो. माझं घर त्यांच्या घरापासून पाचवं. दोन्ही घरांत पूर्वी माग होते. आता माझ्या घरात मागाच्या जागी माझी बी. ए.ची पुस्तकं होती. त्यांच्या घरात जयाचं शिवणयंत्र होतं. भाऊ विणकर सोसायटीच्या दुकानात लुगडी विकत. त्यांचं वय छत्तीस, माझं तेवीस. तरी दोस्ती होती. मला नोकरी नव्हती आणि त्यांना ऐकणारा माणूस पाहिजे होता.

दुकान हा त्यांचा पोटाचा धंदा. नाव झालं ते बैठकीत.

लग्न ठरायच्या आधी दोन्हीकडची चार-चार माणसं बसतात. बाराती किती येणार, मानाची लुगडी किती, जेवणात काय, मुलाला घड्याळ की अंगठी, हे सगळं बोलून घेतात. मग त्याची याद लिहितात, कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि सह्या करतात. एवढंच काम. पण या कामात कोणीतरी दुखावलं जावं लागतं. कोणी दुखावलंच नाही, तर आपण जास्त दिलं किंवा कमी मागितलं असं दोन्ही बाजूंना वाटत राहतं. जागेश्वरभाऊ ही गरज भागवत. मुलीकडून बोलवा, मुलाकडून बोलवा, ते येत. बैठकीच्या मध्यावर दुखावले जात.

गोळीबार चौकातल्या एका बैठकीत त्यांनी छातीत कळ आणून दोनशे बाराती एकशेवीसवर आणले. कळ इतकी चांगली आली की यजमानांनी डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. भाऊंनी त्या घेतल्या. काम अर्धवट सोडण्याची त्यांना सवय नव्हती.

कॉलेजात मला नवरसांवर पंधरा मार्कांचा प्रश्न आला होता. मी सहा पानं लिहिली होती. भाऊ ते सगळे रस दीड तासात दाखवत आणि वर चहा पीत. मला ते याद लिहायला सोबत नेत. साहित्याची पदवी घेतल्यावर मला मिळालेलं ते पहिलं काम.

"भाऊ, हे खोटं नाही वाटत तुम्हाले?" मी एकदा विचारलं.

"खोटं कायचं? समोरचा पण तेच करून राहिला ना. त्याले माहीत असते, मले माहीत असते. त्याले रडता येत नाही, मले येते. एवढाच फरक."

त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. आईवडील गेलेले. घरात भाऊ आणि जया, दोघंच. भाऊंसाठी कोण रुसणार?

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत जयाला पाहायला एक मुलगा आला. ईश्वरदास नाव. मूळ घर उमरेडचं, तेही विणकरांचंच. नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात. पोह्यांची बशी त्याने हातातच धरून ठेवली. मग त्याने विचारलं, "माग बंद झाले तेव्हा तुम्हाले झोप येत होती का?"

जया म्हणाली, "महिनाभर नाही आली."

"मले कोराडीत येते. तिथं रातभर मशीन चालते."

जया हसली. असल्या प्रश्नावर लग्न ठरू शकतं हे मला कोणत्याही पुस्तकात भेटलं नव्हतं. तो गेल्यावर तिने भावाला सांगितलं, "हा चालते मले."

दुसऱ्या रविवारी बैठक ठरली. शनिवारी संध्याकाळी मी तिथेच होतो. जया काजं करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दादा, उद्या नाटक नको."

"कायचं नाटक?"

"तुले माहीत आहे कायचं. दुसऱ्याच्या बैठकीत तू काही कर. माह्या लग्नात खरं बोलजो. त्यांनी मागितलं ते जमत असन तर हो म्हणजो, नसन तर नाही म्हणजो."

"तुही शपथ, जया."

"शपथ नको. ती तू बैठकीत घेत असते."

भाऊ हळूच काहीतरी म्हणाले.

"काय म्हटलं?"

"बरं म्हटलं."

जयाला तो मुलगा पाहिजे होता आणि भावाचा एक दिवसाचा खरेपणा पाहिजे होता. दोन्ही एकाच रविवारी मिळतील असं तिला वाटलं. मलाही वाटलं. मी पुस्तकं वाचलेली होती.

उमरेडहून पाच जण आले. मुलाचे वडील देवराव. मुलाचे मामा कवडू. आणि मान डोलावणारे तिघे. आमच्याकडून भाऊ, मी आणि गल्लीतले दोन म्हातारे. दारातल्या पडद्यामागे जया.

देवरावांनी घसा साफ केला. "बाराती दीडशे येतीन."

"मंजूर," भाऊ म्हणाले.

देवरावांचं पुढचं वाक्य तयार होतं. ते दीडशेवरून सव्वाशेवर उतरायचं वाक्य होतं. त्याची गरज पडली नाही. ते तोंडातच राहिलं आणि तोंड उघडं राहिलं.

"पोराले घड्याळ," ते जरा चाचरत म्हणाले.

"मंजूर."

"मानाची लुगडी अकरा."

"अकरा काहून? पंधरा देऊ. आपल्याच कामाची चीज आहे."

कवडूमामांनी हातातलं पान खाली ठेवलं. "जागेश्वर, तब्येत बरी आहे ना गा तुही?"

"चांगली आहे, मामा."

"नाही, म्हणजे दोन वर्षांखाली माह्या पोरीची बैठक होती. तू आमच्याकडून बसला होता. पाच मानसं कमी कराले दोन घंटे रडला. समोरचा बुढा तुह्यासंगं रडू लागला. आन् आज दीडशे मंजूर?"

"ते दुसऱ्याचं लग्न होतं, मामा. हे घरचं आहे. आज नाटक नाही करून राहिलो. खरं बोलून राहिलो."

खरं हा शब्द बैठकीत पडला आणि पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आम्ही जरा अंगणात जाऊन येतो," देवराव म्हणाले.

मी पाणी द्यायच्या निमित्ताने मागे गेलो. ते पाचही जण पेरूच्या झाडाखाली डोकी जोडून उभे होते.

"काहीतरी झाकून राहिला हा."

"फिट येत असन पोरीले."

"नाहीतर आधी कुठं जमलं होतं, मोडलं असन."

"जागेश्वर आन् हो म्हणते? मले तर भेव वाटून राहिलं बाप्पा," देवराव म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. त्या घरात त्या क्षणी खरं बोलणारे दोघं होते, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

ते आत आले आणि चौकशी सुरू झाली. पोरगी आजारी होती का कधी? आधी कुठून मागणं आलं होतं का? एवढी घाई काहून? भाऊ प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर देत होते. प्रत्येक उत्तरानंतर समोरचे चेहरे आणखी आवळत होते.

मग कवडूमामांना जुनी चाल आठवली. पूर्वी आमच्या घरांत सून पाहायला गेले की तिला तुटलेला धागा सांधायला लावत. हात कसा आहे ते त्यात कळे. मागच आटोपले तशी ती चालही गेली होती. मामांनी ती खास त्या दिवसासाठी परत आणली. जयाला बाहेर बोलावलं. मामांनी धागा तोडून तिच्या हातात दिला. तिने दोन टोकं बोटांत धरली, एक पीळ दिला, आणि धागा परत केला. तिने हाताकडे पाहिलंही नव्हतं. भावाकडे पाहत होती. मामांनी धागा ओढून पाहिला. टिकला.

"हात तर चांगला आहे," ते देवरावांना म्हणाले. "मग काहून?"

जया जितकी चांगली ठरत होती, तितका संशय वाढत होता.

ती आत गेल्यावर भाऊ म्हणाले, "देवरावभाऊ, साधी गोष्ट आहे. पोरीले पोरगा पसंत आहे. मले पण आहे. म्हणून हो म्हणून राहिलो. दुसरं काहीच नाही."

"पसंत आहे?" मामांनी मान पुढे काढली. "एका भेटीत? का पयलेची ओळख आहे?"

मान डोलावणारे तिघे पहिल्यांदाच डोलावायचे थांबले.

देवराव उठले. टोपी नीट केली. "आम्ही विचार करतो. कळवतो."

याद लिहायचा कागद माझ्यासमोर कोरा होता. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून झालं होतं. कळवतो म्हणजे काय, हे लग्नाच्या वयाची बहीण असलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

भाऊंनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या कडेला जयाची चार बोटं दिसत होती. कापड घट्ट धरलेलं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"बसा!"

देवराव बसले. मीही बसलो. मी आधीच बसलेलो होतो.

"दीडशे? दीडशे मानसं बसवाले हे घर आहे का सुताचं गोदाम? बहीण देऊन राहिलो, का उमरेड जेवू घालून राहिलो? मी म्हटलं पाहू, हो-हो म्हणत जाऊ, मानसाले लाज कुठं वाटते ते पाहू! तर थांबाचं नावच नाही! घड्याळ पाहिजे, लुगडी पाहिजे, वरून पोरीले धागा सांधाले लावता? बाप नाही म्हणून? आता शेवटचं सांगतो, जमत नसन तर राहू द्या! माही बहीण माह्या घरी राहीन!"

आणि ते उठून बाहेर गेले. दाराजवळची जागा होतीच. चपला पायात घातल्या, डावी जरा सावकाश, म्हणजे मागून येणाऱ्याला वेळ मिळतो. आणि तरातरा रस्त्याला लागले.

घर त्यांचंच होतं. ही गोष्ट त्यांच्या लक्षात रस्त्यावर आली असावी. एरवी बैठकीतून उठले की ते घराकडे निघत. आता घर पाठीमागे होतं. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. महापालिकेच्या नळापर्यंत ते गेले आणि तिथे उभे राहिले. नळाला पाणी नव्हतं. बायकांच्या घागरी रांगेत ठेवलेल्या होत्या. त्या रांगेत भाऊ.

देवराव अनवाणी धावत गेले. "जागेश्वरभाऊ, असं काहून करता गा! आपलीच मानसं आहो आपण!" हाताला धरून त्यांनी भाऊंना त्यांच्याच घरात परत आणलं, आग्रहाने बसवलं, आणि त्यांच्याच पेल्यातलं पाणी पाजलं.

कवडूमामांचा चेहरा उजळला होता. "हे पाय! आता कसा बोलला! मी म्हटलंच होतं, पोरीत काही नाही."

अर्ध्या तासात सगळं ठरलं. बाराती ऐंशी. लुगडी पाच. घड्याळ कायम राहिलं. मी याद लिहिली. अक्षराचं कौतुक झालं. भाऊंनी शेवटी पान खाल्लं. मामा जाताना मला म्हणाले, "मानूस सोन्यासारखा आहे. मनात काही ठेवत नाही."

पाहुणे गेले. जयाने बशा गोळा केल्या. मी निघणार होतो, पण तिने मला बस म्हटलं. साक्षीदार पाहिजे असावा.

"दादा, काय ठरलं होतं आपलं?"

"तुटून राहिलं होतं, जया. तू पाहिलं ना."

"पाहिलं. तू केलं ते बरंच केलं. त्याच्यासाठी नाही बोलून राहिली मी." ती खाली बसली. "तुहा बैठकीतला राग मी पयल्यांदा पाहिला. आतापर्यंत लोकांकडून ऐकला होता. मले माहीत होतं खोटा आहे. तरी मी रडू लागली पडद्यामागं. बाप नाही म्हणून, असं म्हटलं तू, तेव्हा."

भाऊ खिशातला चष्मा काढून पुसू लागले.

"बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होती. तू रडला होता. मी आहो म्हणून सांगितलं होतं. माह्या मॅट्रिकच्या रिझल्टले रडला. आई गेली तेव्हा दोन दिवस जेवला नाही. तर त्यातलं कोणतं कोणतं, ते सांग ना मले."

"सगळं खरं होतं वं."

त्यांचे डोळे भरले. जयाने त्या डोळ्यांकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वी मामांनी धागा ओढून पाहिला होता, तसंच.

"असं नको सांगू," ती म्हणाली. "पाणी आणू नको. पाणी आलं की मले काही समजत नाही. कोरडं सांग."

भाऊंनी प्रयत्न केला. "जया, मी..." एवढ्यात आवाज कापला. बैठकीत नेमका जिथे कापे, तिथेच. तो त्यांनाही ऐकू आला. ते थांबले. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तेव्हा तिघांनाही बरं वाटलं.

"लिहून दे," जया उठत म्हणाली. "लग्नाच्या आधी दे. कागदाले तोंड नसते."

लग्न मे महिन्यात होतं. एप्रिलमध्ये भाऊ माझ्याकडे आले. पत्रिका छापून आल्या होत्या, त्यातल्या दहा-बारा जास्तीच्या त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूसाठी आणल्या होत्या. "तू साहित्यवाला. तू लिही. मी सांगतो तसं."

मी लिहिलं, 'प्रिय जया, तुझ्या वियोगाच्या कल्पनेनं माझं अंतःकरण विदीर्ण होत आहे.'

त्यांनी वाचलं. "हे तर मी गोळीबार चौकात बोललो होतो."

मी दुसरं लिहिलं. त्यात अंतःकरण नव्हतं, फक्त आठवणी होत्या. ते म्हणाले, "हे इतवारीतल्या बैठकीतलं." तिसऱ्या पत्रिकेनंतर त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं.

लग्न झालं. ऐंशीऐवजी एकशेदहा बाराती आले आणि कोणीही रागावलं नाही. पाठवणीच्या वेळी सगळी गल्ली जागेश्वरभाऊंकडे पाहत होती. बायकांनी पदर तयार ठेवले होते. असा रडणारा माणूस, आणि सख्ख्या बहिणीची पाठवणी. भाऊ रडले नाहीत. बसच्या दाराशी कोरडे उभे राहिले. कोरडं सांग म्हटलं होतं ना तिने.

"भाऊ आहे का दगड वं!" माझ्यामागे कोणीतरी म्हणालं.

जया खिडकीतून त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होती. बस सुटायच्या आधी तिने मला खुणेने बोलावलं. "दादा रडला नाही. ते खरं होतं, का माह्यासाठी केलं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती मान हलवून समोर पाहू लागली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. उमरेडकडे जागेश्वरभाऊंचं वजन फार वाढलं. कवडूमामा नात्यातल्या प्रत्येक बैठकीला त्यांना नेतात आणि समोरच्यांना सांगतात, "हा मानूस खोटं बोलत नाही. जे आहे ते तोंडावर." भाऊ दाराजवळ बसतात. रडण्यात पूर्वीपेक्षा सफाई आली आहे. याद मीच लिहितो. मधे मला शाळेत नोकरी लागली, तरी लिहितो.

जया सुखात आहे. कोराडीच्या कॉलनीत राहते. मशीनच्या आवाजात तिला झोप लागते. भाऊबीजेला येते, ओवाळते, भावाच्या आवडीचं करून घालते. कुठेही भांडण नाही. फक्त भाऊ म्हणाले, "आज कसकस वाटते," तर ती आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहते. मग म्हणते, "हो, आहे खरा ताप."

गेल्या भाऊबीजेला तिने विचारलं, "दादा, ते झालं का?"

"होऊन राहिलं."

झालेलं नाही. अकरा पत्रिका फुकट गेल्या. बारावी माझ्याकडे आहे. घरात ठेवली तर जयाच्या हाती लागेल म्हणून त्यांनी ती मला दिली. पुढच्या बाजूला गणपती आणि मुहूर्त. मागच्या बाजूला त्यांचं अक्षर, बिलावर लिहितात तसं ठसठशीत:

'जया, बाबा गेले तेव्हा मी रडलो ते खरं. मॅट्रिकचं खरं. आईच्या वेळी पहिला दिवस खरा होता, दुसऱ्या दिवशी भूक लागली होती पण लोक पाहत होते. बैठकीतला राग खोटा होता. पण उठून नळापाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा मला'

पुढे शाईचा ठिपका आहे. पेन तिथे बराच वेळ टेकलेलं असावं. पत्रिका देताना ते म्हणाले होते, "सुचलं की मागून घेतो."

अजून मागितलेली नाही.